पागनीस सरांचं कुलूप

पागनीस सर प्रयोगशाळेला कुलूप लावायचे, पण ते स्वतः ओढून पाहायचे नाहीत. किल्ली खिशात टाकायची, दारापाशी उभं राहायचं आणि व्हरांड्यातून जो पहिला माणूस जाईल त्याला थांबवायचं, ही त्यांची रीत. "अहो, जरा ओढा तो." मग तो शिपाई असो, विद्यार्थी असो की कँटीनचा दूधवाला असो.

इंदूरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी टायपिस्ट म्हणून लागले, त्या दिवशी संध्याकाळी पहिला माणूस नेमकी मीच निघाले. डब्याची पिशवी काखेत धरून घाईघाईनं चालले होते, कारण छत्रीबागेकडे जाणारा टांगा पाचाला भरला की निघून जायचा. दारापाशी एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा. त्यांनी कुलुपाकडे बोट केलं. मला वाटलं, यांच्या हाताला काही लागलं असेल. मी कुलुपाला हात लावला आणि म्हटलं, "लागलंय."

"हात लावलात," ते म्हणाले. "ओढलं नाही. उघडणार आहे असं समजून ओढा."

मी ओढलं. टांगा चुकला. खान नदीच्या पुलापर्यंत चालत गेले आणि वाटभर त्या माणसाला नावं ठेवली.

पुढे कळलं की सगळं कॉलेज असंच त्यांना नावं ठेवत आलं आहे. शिपाई मांगीलाल म्हणायचा, "पागनीस साब को ताले पे भरोसा है, अपने हाथ पे नहीं." हे त्यानं थट्टेनं म्हटलं असलं तरी सरांना ते मान्य होतं. ते म्हणायचे, कुलूप लावणाऱ्याचं मन आधीच घरी पोचलेलं असतं. तो ओढून पाहतो ते लागलंय हे पटवून घ्यायला, तपासायला नाही.

या रीतीपायी एकदा मोठीच फजिती झाली. भोपाळहून एक बडे अधिकारी कॉलेज पाहायला आले होते. मध्य प्रदेश होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी इंदूरच्या जुन्या मंडळींच्या मनातून राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख गेलं नव्हतं. त्यामुळे भोपाळचा माणूस आला की आमचं कॉलेज जरा जास्तच वाकायचं. हार झाले, पोहे-जलेबी झाली, प्रयोगशाळा पाहून झाली. सरांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि थेट साहेबांना म्हणाले, "साहेब, जरा ओढा तो." आमच्या प्रिन्सिपॉल साहेबांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी हसत दोन बोटं लावली. "ठीक है."

"नहीं साहब, जोर से. चोर बनके."

अधिकाऱ्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खरंच हिसका दिला. कुलूप जागच्या जागी राहिलं, पण कोयंडाच लाकडातून उपटून त्यांच्या हातात आला. भुसा त्यांच्या कोटावर पडला. प्रिन्सिपॉल साहेब रुमाल काढून कोट झटकायला धावले. सर मात्र खुशीत म्हणाले, "बघा! मी ओढलं असतं तर हे कधी कळलं नसतं. मला माहीत असतं ना, हळू कुठे ओढायचं ते." नव्या दाराचा अर्ज दोन वर्षं भोपाळला पडून होता, तो त्या महिन्यात मंजूर झाला.

सरांचे आजोबा होळकरांच्या पागेवर कारकून होते. हजेरीपटावर लिहिलेले घोडे खरोखर पागेत उभे आहेत की नुसते कागदावर चरताहेत, ते जाऊन बघायचं हे त्यांचं काम. सर हे फार अभिमानानं सांगत. त्यांच्या बोलण्यात घराण्याचा अभिमान असा एवढाच. बाकी तलवारी, पगड्या, दरबारातली खुर्ची यातलं काही नाही.

छत्रीबागेत त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. पागनीस काकू माझ्या आईच्या मैत्रीण. त्या सांगायच्या, "आमच्याकडे आमटीत मीठ मी घालायचं आणि चाखायचं ह्यांनी. मी चाखलेलं चालत नाही." घरात दोन घड्याळं. सरांच्या मनगटावरचं रेडिओवरच्या बातम्यांना लावायचं आणि भिंतीवरचं काकूंनी मिलच्या भोंग्याला. एकावरून दुसरं लावायला सक्त मनाई. दोन्ही घड्याळांत मिनिटा-दोन मिनिटांचं अंतर कायम असे आणि सरांची त्याला काही हरकत नसे. उलट एकदा दोन्ही तंतोतंत जुळली, तेव्हा सर चहाचा कप तसाच ठेवून उठले. "हे कोणी लावलं?" काकूंची भाची राहायला आली होती, तिनं काकांच्या घड्याळावरून भिंतीवरचं लावून टाकलं होतं. बिचारीला वाटलं होतं, काका शाबासकी देतील.

माझा आणि त्यांचा खरा संबंध आला तो टायपिंगमुळे. माझा हात बरा होता आणि मला त्याचा तोराही होता. पहिल्याच महिन्यात त्यांच्या एका तक्त्यात माझ्याकडून दशांश चिन्ह एक घर सरकलं. त्यांनी विचारलं, "हे ताडून पाहिलंत?" मी म्हटलं, "हो सर. तिन्ही कॉपी सारख्या आहेत."

"सारख्या असणारच," ते म्हणाले. "तिन्ही चुकलेल्या आहेत. अहो बाई, कार्बन कॉपी मतलब दुसरा कागद नाही. पहिलाच कागद आहे, जरा फिकट."

तेव्हापासून नियम झाला. आकड्यांचं पान असलं की कार्बन लावायचा नाही. एकदा टाइप करायचं, दुसऱ्या दिवशी त्यांच्या हस्ताक्षरावरून पुन्हा नव्यानं टाइप करायचं, मग दोन्ही पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायची आणि उजेडात बघायची. माझं काम दुप्पट झालं. मी मांगीलालजवळ त्यांचा उद्धार करायची, तो मान डोलावायचा आणि माझ्यासाठी चहा आणायचा.

त्या वर्षांत आपल्या देशात अणुवीज केंद्रं नव्यानं उभी राहत होती. त्यातल्या एकाचं काम आमच्या कॉलेजकडे आलं. कुठलं ते लिहीत नाही, तेव्हाही आम्ही नाव घेत नव्हतो. "तिकडचं पार्सल आलं," "तिकडून पत्र आलं," असंच बोलायचो. तिकडची दाबाची मापकं, म्हणजे गोल तबकडीचे काटे, सरांच्या प्रयोगशाळेत तपासायला येत. लाकडी खोके, आत गवत आणि गवतात एकेक काटा. मांगीलाल ती खोकी लहान मूल उचलावं तशी उचलायचा.

मला यातलं काही कळत नव्हतं. एका दुपारी सरांनी मला समजावलं. "हे पाहा बाई, चूल पेटवणं सोपं असतं. ही अशी चूल आहे की विझवता येणं मुख्य. तर विझवायला दोन रस्ते ठेवलेत. पहिला रस्ता, चुलीची धग ज्या पाण्यावर चालते ते पाणीच एकदम खाली टाकीत सोडून द्यायचं. तो रस्ता अडला, तर दुसरा. वायूच्या दाबानं आत एक औषध सोडायचं, त्यानं ती थंड पडते. आता पहिल्यालाही दाब लागतो, दुसऱ्यालाही. दाब आहे की नाही ते सांगणारे काटे आपल्याकडे येतात. काटा म्हणाला दाब आहे, आणि दाब नसला, तर?"

"तर दुसरा रस्ता आहे ना, सर?"

"आहे. पण दुसरा खरंच दुसरा असला तर."

म्हणून त्यांनी एक अट घातली होती. केंद्राला चालू करण्याचा परवाना देणारी एक सुरक्षा समिती होती आणि सर तिचे सल्लागार होते. पहिल्या रस्त्याचे काटे ज्या मानकावर तपासले, त्याच मानकावर दुसऱ्या रस्त्याचे तपासायचे नाहीत, असं त्यांनी समितीकडून लिहून घेतलं. मानक म्हणजे खात्रीचा काटा, ज्याच्या शेजारी ठेवून बाकीचे पारखायचे. आमच्याकडे असे दोन होते. शिसवी पेटीत, हिरव्या कापडात ठेवलेले. सर त्यांना मास्टर ए आणि मास्टर बी म्हणायचे, मांगीलाल बडे मास्टर आणि छोटे मास्टर म्हणायचा आणि दसऱ्याला दोघांनाही हळदकुंकू लावायचा. पहिल्या रस्त्याचे काटे ए वर तपासले गेले. दुसऱ्याचे बी वर. प्रमाणपत्रं मी दोनदा टाइप केली, काचेला लावून पाहिली, सरांनी सह्या केल्या. सोमवारी समितीची बैठक होती. ती झाली की परवाना मिळणार होता आणि तिकडे भट्टीत इंधन भरायला सुरुवात होणार होती.

आमच्याकडे त्याची चर्चा वेगळ्या कारणानं होती. प्रिन्सिपॉल साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर पागनीस सर बसणार हे जवळजवळ ठरलं होतं. हे काम नीट पार पडलं की भोपाळहून हुकूम येणार. काकूंनी माझ्या आईला हे कानात सांगितलं होतं आणि कोणाला सांगू नकोस असंही सांगितलं होतं, त्यामुळे सगळ्या छत्रीबागेला माहीत होतं.

गुरुवारी तिकडून पत्र आलं. दोन्ही मानकांची स्वतःची प्रमाणपत्रंही सोबत जोडावीत. नुसती फाइलची पूर्तता. सरांनी जुन्या वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि वर्गावर गेले. मी ए चं पान टाइप केलं. तपासणी दिल्लीच्या मानक प्रयोगशाळेत. मग बी ची वही उघडली. सरांचंच सुबक अक्षर. आदल्या पावसाळ्यात बी चा काटा जरा हलला होता, दिल्लीला पाठवला तर सहा महिने अडकला असता, म्हणून इथेच दुरुस्त करून लावून घेतला. तात्पुरता, असं कंसात लिहिलं होतं. आणि खाली, 'कशावरून लावला' या ओळीत, 'मास्टर ए'.

मी ते टाइप केलं. दुसरं पान घातलं. पुन्हा तेच टाइप करताना हात थांबला. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण कार्बन कॉपी मला कळत होती. वर्षभर त्यासाठी बोलणी खाल्ली होती मी.

सर परत आले, हाताला खडू लागलेला. मी म्हटलं, "सर, एक विचारू का? बी हा ए वरूनच लावलाय ना? मग तो ए ची कार्बन कॉपीच झाला की हो."

खरं सांगते, माझ्या बोलण्यात थोडा खट्याळपणा होता. इतके दिवस त्यांनी मला पकडलं, आज मी त्यांना पकडलं, एवढंच डोक्यात होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि मी हसू आवरलं. ते खुर्चीवर बसले नाहीत, टेबलाची कड धरून उभे राहिले. वही स्वतःकडे फिरवली. ती ओळ वाचली. मग तारीख वाचली. मग पुन्हा ओळ.

"दोन्ही किती छान जुळत होते," ते म्हणाले. "मी मांगीलालला म्हटलंसुद्धा, बघ कसे जुळतात."

मग ते प्रयोगशाळेत गेले आणि दार आतून लावून घेतलं. मांगीलालनं चहा नेला, तो तसाच परत आणला. "क्या हो गया बाईजी? साब मास्टर की पेटी खोल के सामने बैठे हैं. कुछ करते नहीं, बस देखते हैं."

तासाभरानं प्रिन्सिपॉल साहेबांच्या खोलीत दोघांचं बोलणं झालं. मी बाहेरच्या टेबलावर होते आणि मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते समजुतीनंच बोलत होते. "पागनीसजी, आपका ए सही है. ये आप भी जानते हैं, मैं भी जानता हूँ."

"मला वाटतं सही है. जानता नहीं."

"तो उसे दिल्ली भेज दीजिए, चुपचाप. सही निकला तो बात खत्म. गलत निकला तब लिखिए. अभी से चिट्ठी क्यों?"

"साहेब, सोमवारी ते माझ्या सहीवर परवाना देतील. दिल्लीचा जवाब सोमवारी येणार आहे का?"

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "आपकी कुर्सी का भी सोच लीजिए. भोपाल में ये फाइल कौन कैसे पढ़ेगा, मैं नहीं कह सकता."

सर बाहेर आले आणि माझ्यासमोर कागद ठेवला. आधी तार, मग पत्र. तारेत एवढंच होतं की दुसऱ्या रस्त्याच्या काट्यांची प्रमाणपत्रं रद्द समजावीत, परवाना थांबवावा, पत्र मागून येत आहे. तार घेऊन ते स्वतः सायकलवरून तार ऑफिसात गेले. मांगीलाल मागच्या कॅरिअरवर. तारबाबूकडून त्यांनी ती तार मोठ्यानं वाचून घेतली आणि मग मांगीलालला म्हणाले, "तू सुना? क्या सुना, बोल." तारबाबू चिडला, असं मांगीलालनं परत आल्यावर सांगितलं.

पत्र मी टाइप केलं. त्यांना वाचवावं म्हणून मी माझ्या बुद्धीनं एक बदल केला. त्यांनी सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलं होतं की ही चूक मी केली. मी तिथे ऑफिसच्या इंग्रजीत 'असे आढळून आले आहे की' अशा अर्थाचं वाक्य घातलं. ऑफिसच्या इंग्रजीत चूक कोणी करत नाही, ती आपली आढळून येते. सरांनी वाचलं, पेन काढलं, माझ्या शब्दांवर रेघ मारली आणि वर 'मी' लिहिलं.

"पुन्हा टाइप करा, बाई. आणि दोनदा. कार्बन नको."

पुढचे सहा-सात आठवडे फार वाईट गेले. परवाना थांबला. तिकडे मोठमोठे लोक हात बांधून बसले होते आणि त्यांची पत्रं दिवसाआड येत, प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा थंड. सर ए ची पेटी मांडीवर घेऊन रेल्वेनं दिल्लीला गेले. वाटेत ती एकदाही खाली ठेवली नाही, असं काकू सांगत. परत आले ते आणखी वाळलेले. वर्गात शिकवता शिकवता थांबायचे आणि खिडकीकडे बघायचे. प्रयोगशाळेला कुलूप लावून दारापाशी उभे राहायचे, पण आता लोक व्हरांडाच टाळायला लागले होते. जिन्यानं उतरून मागच्या दारानं जायचे. मीही एकदा गेले. मला त्यांच्यासमोर जायची हिंमत होत नव्हती. रोज मनात एकच यायचं, की मी तोंड मिटून ते पान टाइप केलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि दुसरीकडे हेही वाटायचं, की ए खरोखरच चुकलेला निघू दे. म्हणजे सर खरे ठरतील. असं वाटणं किती भयंकर आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात येत नव्हतं.

दिल्लीचा निकाल आला. ए बरोबर होता. अगदी तंतोतंत बरोबर. म्हणजे बी पण बरोबर, सगळे काटे बरोबर, सगळी प्रमाणपत्रं बरोबर. कुठे काहीच बिघडलेलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये कोणी तरी म्हणालं, "पागनीसांनी भट्टी नाही विझवली, स्वतःलाच विझवलं," आणि सगळे हसले. पुढच्या पंधरवड्यात दोन कागद आले. एकात समितीनं त्यांच्या सेवेबद्दल आभार मानून त्यांना मोकळं केलं होतं. दुसऱ्यात पुढची तपासणी दुसऱ्या शहरात होईल असं होतं. भोपाळचा हुकूमही आला, पण त्यात नाव दुसऱ्याचं होतं. काकूंनी आईकडे येणं काही दिवस बंद केलं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम व्हरांड्यातून गेले. सर दारापाशी उभे होते. कुलूप लावलेलं, किल्ली खिशात. मला बघून त्यांनी नेहमीसारखं बोट केलं. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "सर, मी ते विचारायला नको होतं. सगळं बरोबरच होतं. माझ्यामुळे तुमचं—"

सर माझ्यावर कधी रागावले नव्हते, त्या दिवशी रागावले. आवाज चढला त्यांचा. "बरोबर होतं हे आज कळलं, बाई. सही केली तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नसताना मी सही केली, समजलं? तिकडे काही झालं असतं तर लोकांना काय सांगणार होतो, की नशीब?" मग आवाज उतरला. खिशातून रुमाल काढून मला द्यायला गेले, तो खडूनं माखलेला बघून परत ठेवला. "वीस वर्षं मी लोकांना कुलूप ओढायला सांगतोय. सगळे हात लावून जातात. कोणी न सांगता खरं ओढलं ते एकट्या तुम्ही. आता परत असं बोलू नका. ओढा."

मी डोळे पुसले आणि ओढलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, ते निवृत्त व्हायच्या थोडं आधी, तपासणीचे नवे छापील फॉर्म आले. सगळ्याच प्रयोगशाळांसाठी. त्यात एक नवा रकाना होता, 'मानक स्वतः कशावरून तपासले आहे'. आणि खाली बारीक अक्षरात, दोन मानके एकमेकांवरून तपासलेली नसावीत. कोणाचं नाव नव्हतं, नसतंच. मी फॉर्म घेऊन पळतच प्रयोगशाळेत गेले. वाटलं, सर हसतील, निदान एकदा तरी. त्यांनी भिंग घेतलं, कारण डोळे अधू झाले होते, आणि ती ओळ वाचली. कपाळावर आठी पडली.

"हे ठीक आहे," ते म्हणाले. "पण लोक इथे घाईत काही पण भरून टाकतील. मग?"

"मग कोणी तरी विचारेल, सर."

"कोण विचारेल?" ते म्हणाले आणि पुन्हा भिंगातून बघायला लागले.

निवृत्तीच्या दिवशी समारंभ छोटाच झाला. शाल, नारळ, दोन भाषणं, कचोरी. साडेचारलाच मंडळी पांगली. मी ऑफिसच्या खिडकीत बसून हजेरीचे कागद आवरत होते. समोर चौकापलीकडे प्रयोगशाळेचं दार दिसत होतं. नवे विभागप्रमुख तरुण होते, हुशार होते आणि त्यांना कुठे तरी जायची घाई होती. त्यांनी दाराला कुलूप घातलं, किल्ली बोटावर फिरवत जिना उतरले आणि स्कूटर सुरू करून निघून गेले. व्हरांड्यात त्यांनी कोणासाठी थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

पागनीस सर तोपर्यंत फाटकापाशी पोचले होते. सायकल हातात, हँडलला नारळाची पिशवी. स्कूटर त्यांच्या शेजारून गेली तेव्हा त्यांनी हात वर केला. मग तिथेच थांबले. वळून वर बघितलं. सायकल भिंतीला टेकवली आणि सावकाश, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत परत वर आले.

मला वाटलं, काही विसरलं असेल. मी उठून जाणार होते, पण ते दारापाशी पोचले आणि त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, तसं मी खिडकीतच थांबले. व्हरांड्यात कोणी नव्हतं. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, पण किल्ली तिथे नव्हती. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, की आज कुलूप लावणारा दुसरा आहे.

सरांनी शाल खांद्यावर नीट घेतली, पाय जरा फाकवून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कुलूप धरून चांगला जोराचा हिसका दिला.

उघडलं नाही. ते जिना उतरून गेले.